पुरुषांच्या वेशात लढलेल्या स्त्री सैनिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण कुणाला कळलं कसं नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर खाली सविस्तर दिलं आहे. मात्र मला त्याहून जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचं गुपित शेवटपर्यंत फुटलं नाही, त्या कुठे आहेत? आपल्याला ठाऊक असलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट अशा बाईची आहे, जिचं बिंग कधी ना कधी फुटलं. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

खरंच असं घडलं होतं, की या नुसत्या दंतकथा आहेत?

घडलं होतं, आणि त्याचे कागद आहेत: हजेरीपट, इस्पितळाच्या नोंदी, पेन्शनचे अर्ज, सोबत लढलेल्या शिपायांच्या साक्षी. लंडनमधल्या चेल्सी इथे जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी शाही रुग्णालय आहे. तिथल्या १७५० सालच्या नोंदवहीत हॅना स्नेल हे नाव सापडतं. जन्म वूस्टरचा, बाप रंगारी, आणि पाँडिचेरीला दोन्ही पायांना जखमा. पाँडिचेरी म्हणजे आपलंच पुदुच्चेरी. १७४८ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांच्या ताब्यातल्या या शहराला वेढा घातला, तेव्हा जेम्स ग्रे या नावाने नौसैनिक म्हणून आलेली ही बाई तिथल्या खंदकांत होती.

बापाच्या जागी लढायला गेलेल्या चीनच्या मुलानची गोष्ट मात्र इथे मोजू नये. ती एका जुन्या पोवाड्यासारख्या कवनातून आलेली आहे. गोष्ट सुंदर आहे, पण ती नोंद नव्हे.

अशा किती जणी होत्या?

नेमका आकडा निघणं शक्यच नाही. सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) झाला आहे आणि तिथे "४००" हा आकडा सारखा वाचायला मिळतो. त्याचं मूळ पाहण्यासारखं आहे. त्या युद्धात मदतकार्य करणाऱ्या मेरी लिव्हरमोर यांनी नंतर आठवणी लिहिल्या. त्यांत त्या म्हणतात की कुणीतरी ही संख्या चारशेच्या जरा आत सांगितली आहे, पण ती बरोबर असल्याची हमी मी देत नाही. पुढच्यांनी आकडा उचलला आणि सावधगिरी मागे टाकली. अभ्यासकांनी एकेक कागद तपासून त्या युद्धातल्या सुमारे २५० जणींचा माग काढला आहे.

सरकारचं म्हणणं काय होतं? १९०९ मध्ये आयडा टारबेल या पत्रकार बाईंनी अमेरिकी लष्कराकडे विचारणा केली. उत्तर आलं की कुणी स्त्री फौजेत भरती झाल्याची अधिकृत नोंद खात्यात सापडलेली नाही. नोंदी त्याच दफ्तरात पडून होत्या. मिझुरीच्या १७ व्या पायदळातल्या जॉन विल्यम्स नावाच्या शिपायाला कमी केल्याच्या कागदावर कारण लिहिलेलं आहे: स्त्री असल्याचं सिद्ध झालं. शिवाय त्या उत्तराच्या २५ वर्षं आधी अमेरिकी संसदेने अशाच एका बाईला सैनिकाची पेन्शन मंजूर केली होती. तिच्याबद्दल पुढे येईलच.

भरतीच्या वेळी डॉक्टर तपासायचे ना?

तपासायचे, पण आज आपल्या डोळ्यांसमोर येते तशी तपासणी नसे. यादवी युद्धाच्या काळात माणसं हवी होती आणि घाईने हवी होती. नियमात अंगावरचे कपडे उतरवून तपासणी होती, पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी हात बघत, चालायला लावत, दात बघत. दात कशाला? काडतुसाचं कागदी टोक दातांनी फाडावं लागे. बंदुकीचा चाप ओढायला बोट आणि काडतूस फाडायला दात असले की गडी पसंत.

दाढी-मिशा नाहीत, आवाज बारीक, हे लक्षात येत नसे?

यायचं, पण लोक त्याचा अर्थ वेगळा लावत. छावण्या कोवळ्या पोरांनी भरलेल्या असत. अठरा वर्षांची अट धाब्यावर बसवून पंधरा-सोळा वर्षांची मुलं वय वाढवून सांगत. त्यांच्यात एक बिनमिशीचा, बारीक आवाजाचा शिपाई आला तर लोक त्याला पोरगेला म्हणत, बाई म्हणत नसत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या डेबोरा सॅम्पसनला सोबती चिडवायचे तेही याच कारणाने.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कपडे. त्या काळी पँट घातलेली बाई कुणी कधी पाहिलेलीच नसे. पँट, आखूड केस आणि बंदूक दिसली की पाहणाऱ्याच्या मनात "पुरुष" हे ठरून जाई आणि पुढे चेहरा कुणी निरखत नसे. गणवेशही ढगळ, अंगाला बसेल असा शिवलेला नसे.

अंघोळ, शौच, मासिक पाळी यांचं काय?

हा प्रश्न लोक दबकत विचारतात. दबकायचं कारण नाही, सगळ्यात व्यवहारी प्रश्न हाच आहे.

अंघोळ फार क्वचित होई आणि सैनिक अंगावरच्या कपड्यांतच झोपत. शौचासाठी खणलेले चर इतके घाण असत की अनेक जण सरळ झाडीत जात, त्यामुळे एखादा नेहमी लांब जातो याचं कुणाला नवल वाटत नसे. पाळीच्या कापडाचे डाग जखमेच्या पट्ट्यांमध्ये खपून जात. अपुरं अन्न आणि रोजची पायपीट यामुळे काहींची पाळी बंदही पडत असणार. असं असूनही त्या सतत केवढ्या ताणाखाली जगत असतील याची कल्पना केली तर छाती दडपते. शेजारी झोपलेल्या माणसाला आपलं खरं नाव माहीत नाही, आणि उद्या आपण मेलो तर तो कुणाला कळवणार, हेही माहीत नाही.

गरोदरपणही झाकून नेलेलं दिसतं. न्यू जर्सीच्या एका पलटणीतल्या कॉर्पोरलने छावणीतच मुलाला जन्म दिल्याचं त्या वेळच्या शिपायांनी घरी पाठवलेल्या पत्रांत लिहिलं आहे. तोपर्यंत ती कूच आणि लढाई दोन्हींत होती.

त्या का गेल्या? नवऱ्याच्या किंवा प्रियकराच्या मागे?

काही जणी, हो. हॅना स्नेल पळून गेलेल्या नवऱ्याच्या शोधात निघाली. डब्लिनची ख्रिश्चन डेव्हिस हीसुद्धा सैन्यात अडकलेल्या नवऱ्याला शोधत घोडदळापर्यंत पोचली. जुन्या छापील गोष्टींना हे कारण फार प्रिय होतं, कारण प्रेमापोटी केलेलं धाडस वाचकाला सहज पटतं.

पण कागद जवळून वाचले की दुसरंच कारण पुन्हा पुन्हा समोर येतं: पैसा. यादवी युद्धात उत्तरेच्या साध्या शिपायाला महिन्याला १३ डॉलर मिळत. धुणीभांडी करणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या मुलीला एवढी कमाई स्वप्नातही शक्य नव्हती. न्यूयॉर्क राज्यातली सारा रोझेटा वेकमन ही नऊ भावंडांतली थोरली, बाप शेतकरी आणि कर्जात. १८६२ मध्ये १९ वर्षांची असताना ती घराबाहेर पडली, पुरुष म्हणून कालव्यावरच्या नावेत काम करू लागली, आणि तिथे भरती करणारे भेटले तेव्हा लायन्स वेकमन या नावाने १५३ व्या न्यूयॉर्क पायदळात गेली. भरतीचे १५२ डॉलर हातात आले. ती घरी पैसे पाठवत राहिली. मला तिची पत्रं फार जवळची वाटतात, कारण त्यांत शौर्याचा गाजावाजा नाही. बापाचं कर्ज, भावंडांची चौकशी, आणि आपण आता स्वतःच्या पायावर उभ्या आहोत याचा साधा आनंद, एवढंच आहे.

देशासाठी गेलेल्याही होत्याच. जर्मनीतल्या पॉट्सडॅमची एलेओनोरे प्रोखास्का नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ऑगस्ट रेन्ट्स बनून ल्युट्झोच्या स्वयंसेवक पलटणीत गेली आणि सप्टेंबर १८१३ मध्ये ग्योर्डेच्या लढाईत जबर जखमी झाली. तीन आठवड्यांच्या आत ती गेली. पुढे तिच्यावर नाटक लिहिलं गेलं आणि त्याचं संगीत बेटोव्हेनने रचलं.

आणि काहींना घरातून सुटायचं होतं. नादेज्दा दुरोवा या रशियन अधिकाऱ्याच्या मुलीने १८०६ मध्ये नदीकाठी आपले बायकी कपडे ठेवले, म्हणजे लोकांना वाटावं बुडाली, आणि लाडक्या घोड्यावर बसून कोसॅक घोडेस्वारांच्या तुकडीबरोबर निघून गेली.

खोटं नाव कुठून आणायच्या?

बहुधा घरातूनच. स्नेलने मेहुण्याचं नाव घेतलं. ब्राझीलच्या स्वातंत्र्ययुद्धात १८२२ मध्ये गेलेल्या मारिया किटेरियानेही बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव आणि कपडे घेतले. सर्बियाची मिलुन्का साविच १९१२ मध्ये भावाच्या जागी गेली. अशा नावांचा एक फायदा होता: कुणी अचानक हाक मारली तर ओ द्यायला उशीर होत नाही. शिवाय ओळखपत्र ही गोष्टच नव्हती, त्यामुळे नाव सांगितलं की तेच खरं.

मग पकडल्या कशा जायच्या?

गोळीने किंवा तापाने. लढाईत कुणी ओळखत नसे, इस्पितळात ओळखत. ख्रिश्चन डेव्हिस १७०६ च्या रामिलीच्या लढाईत डोक्याला मार लागून पडली आणि तिथे उपचार करताना सर्जनांना कळलं. डेबोरा सॅम्पसन अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८२ पासून रॉबर्ट शर्टलिफ नावाने लढत होती. टॅरीटाउनजवळ तिच्या मांडीत गोळ्या घुसल्या. डॉक्टरने हात लावला तर सगळं संपेल म्हणून तिने एक गोळी स्वतःच चाकूने काढली आणि दुसरी तशीच राहू दिली, असं तिच्या चरित्रात आहे. इतकं सोसूनही पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात ती तापाने बेशुद्ध पडली आणि बार्नाबस बिनी या डॉक्टरने छातीवर हात ठेवताच भेद उघड झाला. त्याने बोभाटा न करता तिला आपल्या घरी नेलं. ऑक्टोबर १७८३ मध्ये वेस्ट पॉइंटला तिला सन्मानाने निरोप मिळाला.

सवयीही घात करत. विस्कॉन्सिनची एक मुलगी मोजे-बूट घालायच्या पद्धतीवरून पकडली गेली. आणि मारिया किटेरियाला तर तिचे वडीलच शोधत आले.

उघड झाल्यावर शिक्षा व्हायची का?

बहुतेकींना झगा देऊन घरी पाठवत. काहींना हेर किंवा वेश्या समजून काही दिवस कोंडून ठेवत. सगळ्यात चमत्कारिक नोंद वेकमनच्या पत्रात आहे. तिची पलटण वॉशिंग्टनमधल्या कॅरोल तुरुंगावर पहाऱ्याला होती. तिथे कैदेत असलेल्या बायकांपैकी एक उत्तरेच्या फौजेत मेजर होती आणि आपल्या माणसांसह लढाईत उतरली होती, असं ती घरी लिहिते. म्हणजे सैनिक म्हणून लढलेल्या आणि आता कोंडलेल्या एका बाईवर पहारा देणारा शिपाईही बाईच होता. त्या क्षणी वेकमनच्या मनात काय आलं असेल? पत्रात ती फक्त घटना सांगते.

चर्चनेही हिशेब चुकता केला. सॅम्पसनला तिच्या गावच्या बाप्टिस्ट मंडळीने पुरुषाचे कपडे घालून सैनिक म्हणून नाव नोंदवल्याच्या कारणावरून बाहेर काढलं. फ्रेंच क्रांतीच्या सरकारने तर एप्रिल १७९३ मध्ये फर्मान काढून स्त्रियांना फौजेतून दूर केलं, तरी काही जणी राहिल्याच.

पण सगळीकडे असं झालं नाही. दुरोवाला झार पहिला अलेक्झांडर याने बोलावून घेतलं, एका अधिकाऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल सेंट जॉर्जचा क्रॉस दिला, स्वतःच्या नावावरून अलेक्झांद्रोव हे आडनाव दिलं आणि अधिकारी म्हणून परत पाठवलं. ती नेपोलियनविरुद्ध बोरोदिनोच्या लढाईत लढली आणि १८१६ मध्ये निवृत्त झाली. किटेरियाला वडील न्यायला आले तेव्हा तिच्या सेनाधिकाऱ्याने सोडलं नाही, आणि १८२३ मध्ये सम्राट पेद्रोने तिला गौरवलं.

मिलुन्का साविचची गोष्ट सर्बियात अशी सांगतात. १९१३ मध्ये ब्रेगालनित्साच्या लढाईत जखमी झाल्यावर ती बाई असल्याचं कळलं. वरिष्ठ म्हणाले, परिचारिका हो. ती सावधान उभी राहून म्हणाली, मला बंदूक घेऊनच लढायचंय. ते म्हणाले, उद्या सांगतो. ती म्हणाली, थांबते. तासभर ती तशीच उभी राहिली आणि शेवटी तिला पायदळात ठेवून घेतलं. पहिल्या महायुद्धात तिने एकटीने २३ बल्गेरियन सैनिक कैद केले. फ्रान्सचा लेजियन ऑफ ऑनर हा किताब तिला दोनदा मिळाला. युद्धानंतर हीच बाई बेलग्रेडमध्ये एका बँकेत फरशा पुसत होती आणि त्या पगारावर पोटच्या मुलीबरोबर तीन दत्तक मुली वाढवत होती. १९७३ मध्ये ती वारली. चाळीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तिचे अवशेष मान्यवरांच्या दफनभूमीत हलवले. हे वाचून मला अजूनही राग येतो.

पेन्शन मिळाली का?

भांडून मिळाली. सॅम्पसनने गणवेश घालून गावोगाव व्याख्यानं दिली, अर्जांवर अर्ज केले. १८०४ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातला प्रसिद्ध पॉल रिव्हिअर तिच्यासाठी पत्र लिहून रदबदली करता झाला, आणि पुढच्या वर्षी महिना ४ डॉलर सुरू झाले. तिच्या मृत्यूनंतर नवऱ्याने, सैनिकाचा जोडीदार या नात्याने, पेन्शन मागितली. संसदेने ती १८३८ मध्ये मान्य केली, पण तोवर तोही गेला होता.

कॅनडात जन्मलेली सारा एमा एडमंड्स यादवी युद्धात दुसऱ्या मिशिगन पायदळात फ्रँकलिन थॉम्पसन होती. १८६३ मध्ये हिवतापाने आजारी पडली. इस्पितळात गेलं तर कळेल, म्हणून निघून गेली, आणि कागदावर "पळपुटा शिपाई" ठरली. वीस वर्षांनी तिने जुन्या सोबत्यांना गाठलं. त्यांनी साक्ष दिली की फ्रँक आमच्याबरोबर होता आणि चांगला लढला. १८८४ मध्ये महिना १२ डॉलर पेन्शन मंजूर झाली, पुढे पळपुटेपणाचा डागही पुसला गेला. या साऱ्या कहाण्यांत सरकारच्या आधी सोबतीच उभे राहिलेले दिसतात.

त्यांनी लिहिलेल्या आठवणींवर किती विसंबावं?

थोडं हात राखून. सॅम्पसनचं १७९७ चं चरित्र तिला यॉर्कटाउनच्या वेढ्यात लढवतं. तो वेढा १७८१ चा, आणि ती भरती झाली मे १७८२ मध्ये. स्नेलच्या गोष्टीत तिला कार्लाइल गावी ५०० फटके मारल्याचं वर्णन आहे, ते तारखांत बसत नाही. दुरोवाचं पुस्तक १८३६ मध्ये रशियन कवी पुश्किनच्या मदतीने निघालं आणि अतिशय सुरेख आहे, पण त्यात तिचं लग्न आणि मुलगा यांचा उल्लेख नाही, आणि वयही कमी केलेलं आहे.

म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत. पोट भरायला पुस्तक विकायचं होतं आणि प्रकाशकाला तिखटमीठ हवं होतं. हजेरीपट आणि पुस्तक शेजारी ठेवून वाचावं, एवढंच.

जोन ऑफ आर्क आणि झाशीची राणी यांत येतात का?

नाही. दोघी पुरुषी वेशात लढल्या, राणी लक्ष्मीबाई तर जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ सवाराच्या पोशाखातच पडल्या. पण त्या कोण आहेत हे त्यांच्या माणसांना पुरतं ठाऊक होतं. इथे प्रश्न लपून लढण्याचा आहे.

या सगळ्यांना "स्त्री" म्हणणं बरोबर आहे का?

नेहमी नाही, आणि मराठीत लिहिताना हे फार टोचतं. आपलं क्रियापदच लिंग सांगतं. "लढला" की "लढली", दर वाक्याला ठरवावं लागतं.

आयर्लंडमध्ये जेनी हॉजर्स म्हणून जन्मलेली व्यक्ती ऑगस्ट १८६२ मध्ये अल्बर्ट कॅशियर या नावाने यादवी युद्धात ९५ व्या इलिनॉय पायदळात गेली. व्हिक्सबर्गच्या वेढ्यासह सुमारे चाळीस चकमकी-लढाया, तीन वर्षं, सन्मानाने सुटका. युद्ध संपलं, लपायची गरज संपली. कॅशियर मात्र पुढची सुमारे पन्नास वर्षं अल्बर्टच राहिला. सोनेमिन गावात पडेल ते काम केलं, रस्त्यावरचे दिवे लावले, बायकांना मताधिकार नव्हता तेव्हा मतदान केलं. १९११ मध्ये मोटारीखाली पाय मोडला तेव्हा डॉक्टरला भेद कळला, पण त्याने तो बाहेर फुटू दिला नाही. पुढे भ्रमिष्टपणा वाढल्यावर मनोरुग्णालयात हलवलं आणि तिथे या वृद्ध सैनिकाला जबरदस्तीने स्कर्ट नेसवला. पेन्शन खात्याने फसवणुकीची चौकशी लावली. तेव्हा जुने सोबती पुढे आले, त्यांनी ओळख पटवली आणि पेन्शन टिकली. १० ऑक्टोबर १९१५ रोजी मृत्यू झाला. गणवेशात, लष्करी इतमामात दफन केलं, आणि दगडावर नाव कोरलं ते अल्बर्ट कॅशियर.

मी कॅशियरबद्दल "तो" लिहितो, कारण उभं आयुष्य त्याने तेच निवडलं. सतराव्या शतकात स्पेनसाठी चिलीत लढलेली, मठातून पळालेली काटालिना दे एराउसो हिनेही पुढे पोपकडून पुरुषी कपड्यांची परवानगी मिळवली होती. दुरोवा उतारवयात स्वतःबद्दल पुल्लिंगी बोलत असे. वेकमन मात्र घरच्या पत्रांखाली कधी रोझेटा लिही, कधी लायन्स. एकच नियम सगळ्यांना लावू नये. त्या व्यक्तीने स्वतःला काय म्हटलं ते आधी पाहावं.

हे बंद कधी झालं?

पूर्ण कपडे उतरवून तपासणी, जन्मदाखले आणि फोटोची ओळखपत्रं आली तसं. १९१५ मध्ये डोरोथी लॉरेन्स ही इंग्रज वार्ताहर होऊ पाहणारी तरुणी सायकल घेऊन फ्रान्सला गेली. ओळखीच्या शिपायांनी धुण्याच्या बोचक्यांतून एकेक करून गणवेश आणून दिला. ती डेनिस स्मिथ बनून सोम नदीकाठच्या आघाडीवर सुरुंग खणणाऱ्यांच्या संगतीत राहिली. दहा दिवसांत प्रकृती ढासळली आणि सोबत्यांवर बालंट नको म्हणून ती स्वतःच हजर झाली. लष्कराने हेर समजून उलटतपासणी केली आणि काही न लिहिण्याची शपथ घ्यायला लावली.

घरातल्या जुन्या पत्रांत असं काही सापडलं तर काय करावं?

पत्रांचा क्रम मोडू नका. नाव वेगळं दिसलं म्हणून "चूक" समजून दुरुस्त करू नका. पाकिटं फेकू नका, पलटणीचा आणि ठिकाणाचा पत्ता बहुधा तिथेच असतो. आधी फोटो काढा, मग एखाद्या अभिलेखागाराला दाखवा.

वेकमनची पत्रं अशीच टिकली. एप्रिल १८६४ मध्ये ती लुइझियानात प्लेझंट हिलला लढली आणि १९ जूनला न्यू ऑर्लीन्सच्या लष्करी इस्पितळात हगवणीने गेली. ती स्त्री असल्याची एकही नोंद तिथल्या कागदांत नाही. शाल्मेटच्या सैनिकी दफनभूमीत तिच्या दगडावर आजही लायन्स वेकमन एवढंच आहे. पत्रं घरच्यांनी माळ्यावर जपली होती. ती १९९४ मध्ये छापून आली तेव्हा त्या दगडाखाली कोण आहे हे घराबाहेरच्यांना कळलं.